आमच्या घरासमोर बस वळते

माझं घर सतराव्या शतकातलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात यावं, ही वर्तमानपत्राच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या माणसाची सवय आहे. घर १९८९ सालचं आहे. माझे वडील दत्ताराम गवंडी होते. न्हावा शेव्याला बंदर बांधत होते तेव्हा ते तिथे कामाला होते. बंदराचं काम संपल्यावर त्यांनी गावी येऊन हे घर स्वतःच्या हातांनी उभं केलं. जांभ्याचे चिरे माझ्या आईने, म्हणजे इंदूबाईने, डोक्यावरून वाहिले. मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि चिरे वाहावे लागू नयेत एवढ्या निष्ठेने अभ्यास करत होतो.

या माहितीत चूक आढळल्यास मी जबाबदार आहे. पुढे जी माहिती येईल तिला डोंगरमाथा पर्यटन विकास समिती जबाबदार आहे.

आमचं आंबेकोंड म्हसळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात आहे. खाली खाडी, तिच्या पलीकडे समुद्राची एक पट्टी, वर कातळ. बौद्धवाडी गावाच्या टोकाला आहे आणि आमचं घर वाडीच्या टोकाला. त्याच्यापुढे रस्ता नाही. निवृत्त झाल्यावर पनवेलचा फ्लॅट सोडून मी आणि माझी बायको जयमाला इथे राहायला आलो, ते याच कारणासाठी. आयुष्यभर माणसं माझ्या टेबलापुढे बातम्या घेऊन उभी राहिली होती. आता माझ्यापुढे कोणी येऊ नये, एवढीच अपेक्षा होती.

एका रविवारी सकाळी मी ओटीच्या पायरीवर उभा राहून दात घासत होतो. अंगात बनियन, कमरेला लुंगी. एक मिनीबस आली, आमच्या अंगणात वळली, थांबली, आणि तिच्यातून टोप्या घातलेली माणसं उतरली. त्यांच्यापुढे धनेश होता. धनेश एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. सगळा तालुका त्याला मास्तर म्हणतो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात, सवयीने, काहीतरी पंच करायला मिळेल या आशेने वळवळणारी बोटं.

"चला, पुढे सरका, दारात गर्दी नको," मास्तर म्हणाला. "हा सरदार हैबतरावांचा वाडा. सतरावं शतक. ही कमान बघा. अशी कमान तुम्हाला पूर्ण पट्ट्यात मिळणार नाही."

हे शेवटचं वाक्य खरं होतं. अशी कमान पूर्ण पट्ट्यात नाही, कारण वडिलांनी ती बंदरावरच्या साहेबांच्या विश्रामगृहाला पाहिली होती आणि आपल्या दारालाही तशीच हवी असा हट्ट धरला होता. तेव्हा गाव हसलं होतं. खालच्या आळीतला एक जण म्हणाला होता, "दत्तारामा, हत्ती बांधणार काय रं दारात?"

"आणि हे?" एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"हे वंशज," मास्तर म्हणाला.

माझ्या तोंडात फेस होता. आयुष्यात ज्या ज्या वेळी मला ताबडतोब खुलासा करायचा होता, त्या त्या वेळी माझ्या तोंडात काहीतरी होतंच. मी बोलेपर्यंत त्यांनी माझा फोटो काढला. तो समितीच्या पानावर अजून आहे. खाली लिहिलंय, 'साधी राहणी जपणारे वंशज.'

मी चूळ भरली आणि अंगणाच्या कडेला गेलो. तिथे तपकिरी रंगाचा फलक होता. आदल्या आठवड्यात मी डोळे तपासायला पनवेलला गेलो होतो तेव्हा तो लागला असणार. सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत मी या अंगणात वावरतो, पण फलकाचं तोंड रस्त्याकडे होतं आणि मला तो पाठीमागून लाईटच्या पेटीसारखा दिसत होता. 'सरदार हैबतराव यांनी सतराव्या शतकात बांधलेला वाडा.' एका ओळीत तीन चुका. आमच्या दैनिकात एवढ्यासाठी वार्ताहराला उभं करून विचारलं असतं की, बाबा रे, घटनास्थळी गेला होतास का?

"आई, हा फलक कोणी लावला?"

"लाईटवाले व्हते ना," आई ओटीवर सुकट निवडत म्हणाली. "चांगली पोरं. पानी मागितलं, दिलं. खड्डा खनताना त्येंना पहारसुद्धा दिली आपली."

म्हणजे शस्त्रंही आम्हीच पुरवली होती. आईला सही करता येते, वाचता येत नाही. मी तिला फलक वाचून दाखवला. ती सुकटीतला खडा शोधत राहिली. मग म्हणाली, "हैबतराव कोन?"

"होता कोणीतरी. वर कातळावर त्याच्या घराचा चौथरा आहे, करवंदीच्या जाळीत."

"मंग हितं त्याचं नाव कशाला? आनि त्यानं घर बांधलं, तवा तुजा बाप काय करीत व्हता?"

सुकटीतला एक खडा उचलून मी अंगणात फेकला.

"कागदवाला हायेस ना तू? जा, आनि त्याचं नाव काडून तुज्या बापाचं घाल. बाकी मला काय नको."

एवढं काम होतं. एक नाव काढायचं, दुसरं घालायचं. मुंबईहून रात्री अकराला आलेल्या तारेवर मी मुख्यमंत्र्यांची खाती बदललेली आहेत. हे मला चहाच्या आत होईल असं वाटलं.

वाडीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचा भागोजी सगळ्यांत आधी आला. तो माझ्या वयाचा, पण मला दादा म्हणतो, कारण दादा म्हटल्यावर माणूस फुकट ऐकून घेतो.

"प्रफुल्लदादा, रागावू नको. फलक पाडायचा असंल तर फणसाची फांदी तोडूया. फांदी पडली, फलक पडला. निसर्ग हाय."

"फणस तिथून लांब आहे, भागोजी."

"मोठी फांदी तोडू."

दोन दिवसांनी तोच भागोजी फणसाखाली टेबल मांडून कोकम सरबत विकत होता आणि फांदीला हात लावू देत नव्हता, कारण सावली तिचीच होती. पलीकडच्या केसरवहिनींनी तांदळाच्या भाकऱ्यांची पाटी ठेवली. पाटीवर 'सरदारी भाकर' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, वहिनी, ही भाकर तुम्ही आज सकाळी केलीत. त्या म्हणाल्या, "मंग? शिळी इकू?"

जयमालाने वेगळा सल्ला दिला. ती म्हणाली, "तुम्ही निदान सकाळी शर्ट घालत जा." मग मी शर्ट घालून दात घासू लागलो. एखाद्या माणसाला स्वतःच्या घरातून कसं हुसकावतात ते बघायचं असेल तर त्याला शर्ट घालून दात घासायला लावावं.

पर्यटकांचा मार्ग ठरलेला होता. आधी धबधबा, मग संग्रहालय, मग आम्ही, मग सूर्यास्त. धबधब्याला पाणी नसेल तर आमच्याकडे जास्त वेळ. सूर्यास्ताला ढग असतील तर परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा. संग्रहालय जुन्या शाळेच्या खोलीत आहे. शत्रूची तयारी पाहावी म्हणून मी तेही बघून आलो. तिथे काचेच्या पेटीत सरदारांचं हत्यार आहे. तो कोयता आहे. त्याच्या मुठीवर आमच्या गावच्या लोहाराचं नाव अजून वाचता येतं, आणि लोहार संग्रहालयासमोरच राहतो. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "मागितला, दिला. आता परत देईत न्हाईत. नारळ सोलायची पंचाईत झालीय." त्याच आठवड्यात समितीचा माणूस आमची पितळेची घागर मागायला आला. आई म्हणाली, "बाबा, घागर ने. पन रोज सकाळी पानी भरून आनून दे." तो पुन्हा आला नाही.

सर्वांत मोठा अपमान मात्र शौचालयाचा. धबधब्यावर सोय नाही, संग्रहालयात सोय नाही, सूर्यास्तावर तर झुडूपसुद्धा नाही. म्हणजे डोंगरमाथ्याच्या संपूर्ण विकासाचा भार आमच्या परसातल्या एका कडीवर आला. बायका संकोचाने विचारत आणि आई सगळ्यांना पाठवत असे. तिथे रांग लागे. एकदा मी स्वतः त्या रांगेत उभा होतो. पुढच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या बसचे?"

मी समितीच्या कार्यालयात गेलो.

कार्यालय तालुक्याच्या गावी, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर आहे. मृणाली मॅडम समन्वयक होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला अतिशय गोड. गोड बोलणाऱ्या कार्यालयावर चिडणं कठीण असतं. मी पूर्वतयारीने चिडून गेलो होतो म्हणून निभावलं.

"सर, तक्रार काय आहे?"

"आमचं घर ऐतिहासिक नाही."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "पडलं का?"

"पडलं नाही. ते कधीच ऐतिहासिक नव्हतं. ही घरपट्टी. पहिली पावती १९८९ सालची."

त्यांनी पावती नीट वाचली. "सर, घरपट्टी तेव्हा सुरू झाली हे दिसतंय. पण त्याआधी तिथे घर नव्हतं, याचा काही पुरावा?"

"नसलेल्या घराची पावती कोण देतं?"

"तेच ना, सर," त्या सहानुभूतीने म्हणाल्या.

मी सांगितलं की हैबतरावाचा चौथरा वर कातळावर आहे, करवंदीत आहे, गावातल्या शेळ्यांनाही माहीत आहे. मॅडमनी आवाज खाली आणला. "सर, आम्हाला पण माहितीये. सर्व्हेवाले तिथपर्यंत गेले होते. पण तिकडे बस वळत नाही. तुमच्याकडे वळते. शिवाय तुमच्याकडे कमान आहे. पर्यटक चालत नाही हो, सर."

मी पावतीची घडी करून खिशात ठेवली. इतिहास कुठे घडला हे आजवर मी साधनांवरून, बखरींवरून, शिलालेखांवरून ठरतं असं समजत होतो. तो बसच्या वळणावरून ठरतो हे मला कोणत्याही संपादकाने सांगितलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "मग फलकावरच्या तीन चुका तरी दुरुस्त करा. नाव, पदवी आणि शतक."

"करू ना. पण एका अर्जात एकच दुरुस्ती, सर. संगणकात एकच रकाना आहे. पहिली पूर्ण झाली की दुसरी टाकायची."

माझ्या हिशेबाने सर्वांत मोठी चूक शतकाची होती. नाव चुकलं तर एक माणूस दुखावतो; शतक चुकलं तर सगळंच चुकतं. मी घरी येऊन आईला तसं समजावलं.

"शतक म्हंजे?"

"शंभर वर्षं."

"मला किती रायलीत?" आई म्हणाली. "आधी नाव."

तेव्हा मी नावाचा अर्ज केला. आणि इथे माझ्या आयुष्यभराच्या शिस्तीने माझा घात केला. आमच्या धंद्यात शुद्धिपत्राचा नियम कडक असतो. विशेषण नाही, कारण नाही, रडगाणं नाही. जे चुकलं तेवढंच आणि जे हवं तेवढंच. त्या नियमाने मी लिहिलं, 'फलकावरील हैबतराव याऐवजी दत्ताराम असे वाचावे.' जयमालाने वाचून विचारलं, "एवढंच? दत्ताराम कोण ते नाही लिहायचं?" मी तिला म्हणालो, शुद्धिपत्रात निबंध नसतो. हे वाक्य मी पूर्वी अनेक उमेदवार पत्रकारांना सुनावलं आहे. त्यांच्यापैकी कोणाला हा मजकूर वाचायला मिळाला तर त्यांनी आज हसून घ्यावं.

अर्ज दिला आणि वाट पाहू लागलो. दरम्यान बसगाड्या येतच होत्या. मी आत कोंडून घेऊन बसे आणि मास्तरचा आवाज भिंतीतून ऐके. आमच्या ओटीवर, दाराच्या वर, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. एकदा कोणीतरी विचारलं, "सरदार बौद्ध होते का?"

मास्तर खाकरला. "नंतर झाले," तो म्हणाला. "पुढे सरका."

मी बाहेर आलो. मास्तरला बाजूला घेतलं. म्हणालो, "धनेशराव, तुम्ही मला ओळखता. माझ्या वडिलांना ओळखत होता. त्यांना शनिवारी न्हावा शेव्याहून येताना तुम्हीच तिकीट दिलंय. हे काय सांगताय?"

"दादा, गाडी सुटली की बोर्ड बदलता येत नाही," मास्तर म्हणाला. "समितीने जे लिहून दिलं ते बोलतो. आणि एक सांगू? तुझ्या आईचं काही म्हणणं नाही. तू बघ तिच्याकडे."

मी बघितलं. आई ओटीवर नेहमीच्या जागी बसली होती. ती सुकट निवडत नव्हती. ती पायऱ्यांकडे बघत होती. पायऱ्यांवर चपलांचा ढीग होता. उंची बूट, रंगीत सँडल, एक जोड तर चकाकत होता.

"चपला कोणी काढायला सांगितल्या?" मी मास्तरला विचारलं.

"तुझ्या आईंनीच. मला म्हणाल्या, मास्तर, आत जाताना भायेर काडायला सांगत जा."

फलक दुरुस्त होऊन आला तेव्हा समितीने समारंभ केला. मृणाली मॅडम आल्या, भागोजीने सरबत फुकट वाटलं, केसरवहिनींनी नारळ फोडला. आई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली. कापड बाजूला झालं. मी वाचलं. 'सरदार दत्ताराम यांनी सतराव्या शतकात बांधलेला वाडा.'

टाळ्या वाजल्या. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमच्या अर्जात होतं अगदी तस्संच केलं."

केलं होतं. त्यात एका अक्षराची चूक काढता येत नव्हती. मी संतापलो होतो, आणि ज्याच्यावर संतापावं त्याची सही त्या अर्जाखाली होती. माझे वडील, ज्यांना खालच्या आळीत पाणी मागितलं तर वरून ओततील म्हणून जे तहानलेले घरी यायचे, ते आता तपकिरी रंगावर पांढऱ्या अक्षरांत तीनशे वर्षांपूर्वीचे सरदार झाले होते. हा त्यांचा सन्मान होता की टवाळी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टवाळी असावी असं माझा राग सांगतो.

पाहुणे गेल्यावर मी माळ्यावरून काळा ऑइलपेंट काढला, ब्रश काढला आणि शिडी खांद्यावर घेऊन अंगणात आलो.

"कुटं?" आई म्हणाली.

"खोडून टाकतो. खोटं आहे ते."

"काय खोटं हाय? नाव वाच."

"दत्ताराम."

"मंग?"

"आई, बाबा सरदार नव्हते. आणि सतराव्या शतकात…"

"बस जरा." मी शिडी टेकवून पायरीवर बसलो. आई म्हणाली, "ही कमान केली तवा खालच्या आळीचा तो हसला. हत्ती बांधनार काय म्हनला. आठवतंय?"

"आठवतंय."

"त्याचा नातू मागच्या रविवारी आलता. बायको घेऊन. मुंबैला असतो. त्याला न्हाय म्हाईत घर कुनाचं. हितं चपला काडल्या त्यानं. कमानीखाली वाकला न् आत आला."

मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"कागदवाल्या, तू खरं लिव. गवंडी दत्ताराम, न्हावा शेव्याला चिखलात उबा राहून पैसा केला, बायकोनं चिरं वाह्यलं. लिव. मंग बग बस येती का."

"पण जे नाही ते कसं लिहायचं?"

"तू कुटं लिवलंस? त्येंनी लिवलं. तुज्यावर काय येत न्हाय."

शिडी मी परत नेऊन ठेवली. आता मास्तर नवं नाव सांगतो, आणि पूर्वीपेक्षा मन लावून सांगतो. मधेच आई त्याला थांबवते आणि कमानीचं काम स्वतः सांगते. आधी लाकडाचा साचा कसा केला, मधला चिरा कसा शेवटी बसवला, साचा काढताना सगळी वाडी लांब कशी उभी होती आणि बाबा एकटे खाली कसे थांबले. "मी म्हनलं, बाजूला व्हा. ते म्हनले, पडली तर माज्यावर पडूदे." माणसं मन लावून ऐकतात. परवा एका तरुणाने मास्तरला हळूच विचारलं, "आजींचं वय काय?"

"पुढे सरका," मास्तर म्हणाला.

दुसरा अर्ज, शतकाचा, मी त्याच दिवशी लिहून ठेवला. तिसरा, पदवीचा, तोही तयार आहे. दोन्ही पिशवीत असतात. दर सोमवारी मी आईच्या गोळ्या आणायला तालुक्याला जातो. लॉजच्या जिन्यापर्यंत जातो. खाली उभा राहून वर बघतो, समितीला, बसला, पर्यटकांना आणि खालच्या आळीच्या त्या नातवाला मनात शिव्या घालतो, गोळ्या घेतो आणि परतीची गाडी पकडतो.

काल घरी पोचलो तर आई ओटीवरच होती.

"दिलास अर्ज?"

"मॅडम रजेवर होत्या," मी म्हणालो. माझ्या हातून गेलेला हा पहिला मजकूर, जो मी कोणाकडून तपासून घेतलेला नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"बरं. चपला भायेर काड. सरदाराचं घर हाय."